न पाहिलेल्या विहिरीचा पंचनामा

सरांनी मला माझ्या नावानं हाक मारली ती पदवीचा निकाल लागल्यावर. त्याआधी दोन वर्षं मी ‘पंच नंबर नऊ’ होते. हजेरी घेताना ते नावं वाचायचेच नाहीत. "पंच नंबर एक," असा पुकारा व्हायचा आणि त्या पोरानं उभं राहून "समक्ष हजर" म्हणायचं. नुसतं ‘येस सर’ म्हटलं तर गैरहजेरी पडायची. एकदा कुणीतरी मित्राच्या वाटचं ‘समक्ष हजर’ म्हणून टाकलं. सरांनी मान वर न करता "बोगस पंच" असा शेरा मारला आणि दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर काढलं म्हणून सुटका नव्हती. व्हरांड्यात काय काय आहे ते लिहून आणल्याशिवाय परत आत घ्यायचे नाहीत.

आता हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगायला हवं. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल घेऊन बी. ए. करत होते. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर एक मायनर विषय घ्यावा लागतो. मला मानसशास्त्र हवं होतं, ते भरलेलं. संगीताचे तास चार वाजता, म्हणजे कोरेगावची बस हुकणार. उरलं क्रिमिनल जस्टिस. तेव्हा न्यायाची ओढ वगैरे काही नव्हती, मला तिथं नेलं ते एसटीच्या वेळापत्रकानं. घरी सांगितलं तर अम्मी भाकरी थापायची थांबली. "क्रिमिनल? आणि भूगोलाला काय झालं?" अब्बांचं कोरेगावात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं येतात. ते म्हणाले, "घेऊ दे तिला. एखादी मोटार चोरीची निघते नि पोलीस आमच्या दारात येतात. घरात कायदा कळणारं कुणीतरी असलेलं बरं."

सर पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. बहुतेक सगळी नोकरी त्यांनी ‘रायटर’ म्हणून काढली होती. म्हणजे तपास साहेबांचा आणि त्याचं सगळं लिहिणं रायटरचं. नोकरी करता करता त्यांनी एल.एल.बी. करून ठेवलं होतं, म्हणून कॉलेजनं त्यांना तासावर बोलावलं. त्यांना मिशी नव्हती. फौजदाराला मिशी नसते यावर वर्गातल्या कुणाचा पहिले पंधरा दिवस विश्वास बसला नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आरसा होईल इतके घासलेले बूट, आणि वरच्या खिशात दोन पेनांच्या मागं घडी घातलेला एक कार्बन पेपर. आता कार्बन कशाला लागतो म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असू दे. लागला तर?"

पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला आणि म्हणाले, "लिहा याचा पंचनामा." आम्ही लिहिलं. सगळ्यांनी थोड्याफार फरकानं एकच लिहिलं होतं, की टेबलावर जेवणाचा डबा असून त्यात भाजी-भाकरी आहे. माझ्या शेजारच्या मुलीनं तर मेथीचा वास येतोय असंही लिहिलं. सरांनी एकेक कागद वाचला, मग झाकण उघडलं. आत बुटाचं पॉलिश आणि ब्रश. "भाकरी कुणी पाहिली?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही. "मग लिहिली कशी?" आम्हाला वाटलं म्हणून लिहिली, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात ‘वाटलं’ असा शब्द मोठ्या अक्षरात लिहून त्यावर फुली मारली. तो शब्द आणि ती फुली दोन वर्षं तिथं होती. इंग्रजीच्या मॅडम तेवढा कोपरा सोडून बाकीचा फळा पुसायच्या.

त्यांना दिशा पाठ असत. डावीकडं, उजवीकडं हे त्यांच्या बोलण्यातच नव्हतं. "पश्चिमेच्या बाकावरच्या मुलींनी बोलू नये," "पंखा जरा उत्तरेकडचा लाव," असं चालायचं. आपण भूगोलवाले असून आपल्याला वर्गात उत्तर कुठं ते सांगता येत नाही याची मला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग मी शिकले. अंतरही ते पावलांवर मोजत. कॉलेजच्या फाटकापासून कॅन्टीनपर्यंत एकशे बारा पावलं आहेत, आणि उपाशी असलं की एकशे आठच पडतात, हे त्यांनी आम्हाला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. त्यांच्याबरोबर चालताना बोलायची सोय नसे. मध्येच ते हात वर करत, कारण आकडा विसरला असता.

नव्या कायद्याबद्दलचं त्यांचं दुःख वेगळंच होतं. कायद्याबद्दल तक्रार नव्हती, तक्रार होती नंबरांबद्दल. आयुष्यभर पाठ केलेली कलमं एका रात्रीत बदलली. "तीनशे दोन म्हटलं की समोरचा माणूस हादरायचा," ते म्हणत. "आता एकशे तीन म्हणायचं. दवाखान्यातल्या खोलीचा नंबर वाटतो." नवे आकडे त्यांनी तळहातावर लिहून आणलेले असत, आणि उन्हाळ्यात घामानं अर्धा कायदा पुसला जाई. एका गोष्टीवर मात्र ते बेहद्द खूश होते. झडती-जप्तीचं आता मोबाईलवर चित्रीकरण करावं लागतं. "झालं ते चांगलंच झालं," ते पुन्हापुन्हा म्हणायचे, "घरबसल्या कागद रंगवायची सोय संपली." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा पडायचा. तो का पडतो हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

अंतर्गत गुणांसाठी त्यांनी आमची परीक्षा राजवाड्यापाशी घेतली. संध्याकाळी तिथं भेळ, वडे, कणसं यांच्या गाड्या लागतात. तिथं जायचं, वीस मिनिटं उभं राहायचं आणि जागेचा पंचनामा करायचा. आम्ही चौदा जण हातात पॅड आणि पेन घेऊन रांगेत उभे राहिलो. पुढं बूट चमकवत सर, पावलं मोजतायत. एका भेळवाल्यानं आमच्याकडं पाहिलं, त्यानं शेजारच्याला खूण केली, आणि चार मिनिटांत अख्ख्या रांगेनं आपलं बिऱ्हाड गुंडाळलं. आम्ही अतिक्रमण हटवायला आलोय असा त्यांचा समज झाला होता. आमच्यातल्या विक्रमनं शांतपणे कागदावर लिहिलं, ‘घटनास्थळी काहीही मिळून आले नाही.’ त्याला त्या परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सर मात्र तासभर गल्लीबोळांत फिरून एकेका गाडीवाल्याला शोधून परत आणत होते. प्रत्येकाकडं काहीतरी खायला लागलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तास झाला नाही.

मला ते फार आवडायचे. हे तेव्हा सांगितलं असतं तर "नोंद घेतली" असं म्हणाले असते.

मला मराठी टायपिंग येतं हे त्यांना कळल्यावर त्यांनी तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मला घरी बोलावलं. काकूंनी दार उघडलं आणि बसायच्या आत गाऱ्हाणं सुरू केलं. "ह्यांनी भाजी आणली की पिशवीत चिठ्ठी असते बघ. वांगी सहा, पैकी एक किडकं, समक्ष पाहिलं. अगं, किडकं दिसलं तर आणायचं कशाला?" सर आतून म्हणाले, "पिशवीत पडल्यावर दिसलं. तेही लिहिलंय." मग त्यांनी पलंगाखालून एक लोखंडी ट्रंक ओढली. नोकरीत लिहिलेल्या पंचनाम्यांच्या कार्बन प्रती त्यात वर्षवार बांधून ठेवलेल्या होत्या. त्यातला एकच कागद मात्र वेगळ्या पाकिटात होता.

"याच्या चौदा प्रती टाईप कर," ते म्हणाले. "माणसांची नावं गाळ. आपण पोरांना घेऊन त्या जागेवर जाणार आहोत. कागद आणि जागा ताडून बघायची."

मी तिथंच वाचला. शिराळ्याच्या बाजूच्या एका गावातली विहीर. ‘सदर विहिरीचे पश्चिमेस दगडी बांधकामाची मोटारखोली असून तिचे दार उत्तराभिमुख आहे. दाराचे कुलूप तोडलेले दिसते. आतील पाच अश्वशक्तीची मोटार मिळून येत नाही.’ अक्षर निळं आणि फिकट झालेलं, पण ‘र’ची ती लांब शेपटी मी दीड वर्ष फळ्यावर बघत होते.

"सर, हा तुम्ही लिहिलाय."

"तू टायपिस्ट आहेस का तपास अधिकारी?" असं म्हणून ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. काकू स्वयंपाकघरात गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि मग सांगितलं.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची नागपंचमी. सगळी माणसं शिराळ्याच्या नागांच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेलेली. ते ज्या ठाण्यात होते तिथं ते आणि एक पहारेकरी एवढेच उरले होते. एक शेतकरी फिर्याद घेऊन आला, की सामाईक विहिरीवरची आपली मोटार गेली आणि संशय चुलतभावावर आहे. गाव लांब, गाडी नाही, आणि साहेब सांगून गेलेले की काही आलं तर कागद तयार ठेवा. "मग मी फिर्यादीलाच विचारून लिहायला बसलो," सर म्हणाले. "तो म्हणाला, मोटारीच्या खोलीतनं नेली. खोली म्हटल्यावर दार आलं. दार म्हटल्यावर कुलूप आलं. लिहीत गेलो. समोरचा चहावाला आणि शेजारचा न्हावी, दोघांच्या सह्या घेतल्या. ते आमचे नेहमीचे पंच."

चुलतभावाला उचललं. त्याच्याकडं काही मिळून आलं नाही, पण जामीन राहायलाही कुणी पुढं आलं नाही. तीन महिने तो सांगलीच्या जेलात होता. पुढं खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलानं सरांना पिंजऱ्यात एकच प्रश्न विचारला, दार कुठल्या लाकडाचं होतं? "मी म्हणालो, सागवानी." सरांनी कागदावरच्या ‘दार’ या शब्दावर बोट ठेवलं. "वकिलानं फोटो पुढं केला. चार खांब आणि वर पत्रा. दार सोड, भिंतसुद्धा नव्हती."

माणूस निर्दोष सुटला. सरांना वरून बोलणी बसली, एवढंच. पण एका निरपराध माणसाचे तीन महिने आपल्या सागवानी दारानं खाल्ले, हे काही त्यांच्या मनातून गेलं नाही. त्याची माफी मागायला ते दोनदा गेले होते. दोन्ही वेळा शिराळ्याच्या स्टँडवर उतरले, चहा प्यायले आणि आलेल्या गाडीनं परत फिरले.

"एकट्याला जमत नाही," ते म्हणाले. "तुम्ही चौदा जण बरोबर असलात तर मागं फिरता येणार नाही."

"आणि त्यानं हाकलून दिलं तर?"

"तर तेही लिहून घ्या." मग म्हणाले, "पण एकदा विचारायचंय, बाळ. आता सत्तरी आली."

इतरांना तिथं पोचेपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं. मी बसमध्ये गप्प बसले म्हणून विक्रमनं मला गाडी लागते का विचारलं. साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून शिराळा, आणि तिथून पुढं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या दोन जीप. पोरं गाणी म्हणत होती. सर पुढं ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते आणि स्टँड मागं पडल्यावर त्यांनी एकदा वळून माझ्याकडं पाहिलं. त्या माणसानं आमच्यादेखत सरांना चार शिव्या घातल्या तर आपण काय करायचं, हे मला कुठल्याच पेपरात शिकवलेलं नव्हतं.

कॉलेजची मुलं विहीर बघायला येणार एवढाच निरोप ग्रामपंचायतीतून गेला होता. फाट्यावर तो माणूसच आम्हाला घ्यायला आला. पासष्टीचा असेल. काटक, डोक्याला टॉवेल आणि अंगात नातवाचा क्रिकेटचा टी-शर्ट, पाठीवर अठरा नंबर. "या, या. वस्तीवर च्या टाकलाय, आदी हीर बगून घ्या," म्हणत तो पुढं चालायला लागला. सरांच्या चेहऱ्यावरून त्याची नजर एकदा गेली. सर त्याच्याकडं बघतच नव्हते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पावलं मोजली नाहीत.

उसाच्या दोन फडांमधून वाट विहिरीपर्यंत जाते. दगडी, रुंद विहीर. तिच्या पश्चिमेला चार लोखंडी खांब आणि वर पत्रा. पत्रा नवा होता, खांब तेच. सरांनी कागद वाटले आणि म्हणाले, "ताडून बघा. चुका काढा." आणि विहिरीच्या काठाला हात टेकून उभे राहिले.

पोरांना असं काम म्हणजे मेजवानीच. पाच मिनिटांत गलका सुरू झाला. दार कुठाय, भिंत कुठाय, कुलूप काय हवेला लावलं होतं का. विक्रमचे वडील फौजेतून आलेले, त्यामुळं त्याला निकाल ताबडतोब लागायला हवा असतो. तो म्हणाला, "सर, ज्यानं ह्यो पंचनामा लिवलाय त्यानं हीर बघितलेलीच न्हाई. कुठंतरी हॉटेलात बसून लिवलाय."

"बरोबर," सर म्हणाले. "पुढं?"

"असल्या माणसाला घरी बसवाय पायजे हुतं."

"बसवला नाही." सर सरळ उभे राहिले. बूट जोडून, जणू वरिष्ठांपुढं उभे आहेत तसे. "हा मी लिहिलाय."

विक्रमनं कागदाकडं पाहिलं, मग सरांकडं, मग माझ्याकडं. सर त्या माणसाकडं वळले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "तुम्ही ज्या केसमध्ये आत गेला होता, तिचा रायटर मी. या जागेवर मी पाय ठेवला नव्हता. माझ्या कागदामुळं तुमचे तीन महिने गेले. माफी मागायला आलोय. पोरांच्या देखत मागतो."

"वळकलं मी," तो माणूस म्हणाला. "गाडीतनं उतरला तवाच वळकलं."

टॉवेल सोडून त्यानं तोंड पुसलं, परत बांधला. आता हा बोलणार आणि सर मोडून पडणार, असं मला वाटलं. पण तो माझ्याकडं वळला. मी सगळ्यांत जवळ उभी होते म्हणून असेल.

"पोरी, तुमी कायदा शिकताय न्हवं? मग मला सांग, एकदा कोर्टानं सोडलेल्या मानसाला त्याच कामात परत धरत्यात का?"

हा प्रश्न सेमिस्टरला पाच गुणांना आला होता. "नाही काका," मी म्हणाले. "निर्दोष सुटलं की त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आइका," तो सरांना म्हणाला. "मोटार मीच काढली हुती."

मला सुचलं ते अगदीच दुकानातलं सुचलं. अब्बांच्या दुकानात पाच एच.पी.ची जुनी मोटार उचलायला दोन माणसं लागतात, तीही कण्हत. मी विचारलं, "काका, एकट्यानं नेली कशी? उचलते कशी ती?"

"उचलली कुटं पोरी? ढकलली." त्यानं हातानं दाखवलं. पत्र्याखालच्या चौथऱ्यापासून विहिरीचा काठ तीन पावलांवर होता. "माज्या पाण्याची पाळी त्यानं बंद केली हुती. उसाची लागन जळाय लागली. डोकं फिरलं. नट सोडलं आन् पहारंनं ढकलत ढकलत दिली हिरीत. म्हनलं, मला न्हाई तर तुलाबी न्हाई. अजून हाय तितंच, गाळात."

विहिरीत सगळेच डोकावले. हिरवं पाणी, त्यावर उसाचं एक पाचट. बाकी काही दिसत नव्हतं. सर सगळ्यांच्या नंतर डोकावले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"मी आलो असतो," ते म्हणाले, "तर चौथऱ्यावर घसटलेलं दिसलं असतं. गळ टाकला असता. तासाभरात मोटार वर आली असती. चोरीची केसच झाली नसती. भावाभावांचं भांडण म्हणून मिटवून घरी गेलो असतो."

"व्हय की," तो माणूस म्हणाला. "मी वाटच बगत हुतो तुमची. म्हनलं, पोलीस येत्याल, बगत्याल, मी कबूल हुतो, दोन रट्टं खातो, मिटलं. तुमी आलाच न्हाई. एकदम मला घिऊनच गेलासा. तितं गेल्यावर कुलूप मोडलं म्हनाय लागलं. मी म्हनलं, कुलूप मी मोडलं न्हाई. ते खरंच हुतं."

विक्रम हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण तो माणूसही हसत होता. मग त्यानं सांगितलं, की सुटून आल्यावर चुलतभावापुढं खरं बोलायची छाती झाली नाही. पुढं चुलतभाऊ वारला, तेव्हा त्याची पोरं लहान होती. यानं आपली पाण्याची पाळी चौदा वर्षं त्यांना दिली. का देतोय ते कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

"आन् तुमी हे एवडी वर्सं डोक्यावर घिऊन फिरताय व्हय?" तो सरांना म्हणाला. "मला वाटत हुतं मी एकलाच फिरतुय."

सर रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते अजिबात लपवत नव्हते. चष्मा काढून त्यांनी हातात धरला आणि मोकळेपणानं रडले. तो माणूस शेजारी नुसता उभा राहिला. त्यानं पाठीवर हातबीत ठेवला नाही, पण हललाही नाही. आमच्यातल्या दोन मुली डोळे पुसत होत्या. मला वाईट वाटत नव्हतं. आत कुठंतरी मोकळं, हलकं वाटत होतं, आणि आपण इथं आहोत याचा फार आनंद होत होता.

एवढ्यात त्या माणसाला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. आमच्या हातातल्या पॅडकडं तो बघत होता. सवयीप्रमाणं निम्म्या वर्गानं सगळं लिहून घेतलं होतं. "पोरांनो, एक ऱ्हायलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या घरातलीला ह्यातलं ठावं न्हाई. मी निर्दोष म्हनून तिनं साऱ्या भावकीशी भांडान काडलं. मी सुटस्तवर च्या सोडला हुता तिनं. तोंडाची चव गेली ती गेली, आजबी पीत न्हाई. तिला कळालं तर..."

सरांनी चष्मा घातला. आवाज परत वर्गातला झाला. "पंच नंबर एक ते चौदा. पंचनाम्यात काय येतं?"

"समक्ष पाहिलेलं," आम्ही म्हणालो.

"मोटार कुणी पाहिली?"

कुणीच नाही.

"मग ऐकीव गोष्टींची पानं फाडा आणि माझ्याकडं द्या." लिहिणाऱ्या सगळ्यांनी फाडली. सरांनी ती नीट मोजली, सात होती, घडी घालून त्या माणसाच्या हातात दिली. त्यानं ती टी-शर्टच्या आत सरकवली. मग सर म्हणाले, "आता खरा पंचनामा लिहा," आणि आम्ही लिहिला. चार खांब, वर पत्रा, चौथरा, तीन पावलांवर विहीर, विहिरीत पाणी, तळ दिसत नाही. तेवढ्या वेळात सर तो चौथरा हातानं चाचपत बसले होते.

मग वस्तीवर गेलो. पत्र्याच्या सोप्यात सतरंजी अंथरलेली होती. काकी कपांचं मोठं ताट घेऊन बाहेर आल्या, आणि सरांचे लाल डोळे बघून दारातच थांबल्या.

"आवं, ह्यास्नी काय झालं? कोन हायत हे?"

आम्ही चौदा जण सतरंजीकडं बघायला लागलो. तो माणूस टॉवेल सोडत खाली बसला आणि सहज म्हणाला, "जुनं पावनं हायत आपलं. सांगलीत तीन म्हैनं संगं काडल्यात आमी."

काकींचा चेहरा एकदम मऊ झाला. ताट खाली ठेवून त्या सरांच्या समोर बसल्या. "आगंबया. मंजी तुमालाबी माज्या मालकावानी खोट्याच केशीत घातलं हुतं का वो?"

सरांनी त्या माणसाकडं पाहिलं. मग काकींकडं पाहिलं.

"न्हाई वहिनी," ते म्हणाले. "माझी केस खरी होती."

काकींनी क्षणभर त्यांच्याकडं निरखून पाहिलं, आणि मग ताटातला सगळ्यांत भरलेला कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"आसंना का. सुटलासा न्हवं आता? घ्या, च्या गार हुतुया."